हीट पंप: गुणदोषांमागचा इतिहास

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं टोक हाताला चांगलंच गरम लागतं. वायू दाबला की तापतो आणि मोकळा सोडला की गार पडतो. हीट पंप या गुणाचा वापर करतो. बाहेरची हवा, नदी किंवा जमीन थंड असली तरी तिच्यात उष्णता असतेच. त्याहून गार केलेला शीतक, म्हणजे नळ्यांत फिरणारा द्रव, ती शोषून वायू होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि घरात पुन्हा द्रव होताना तो ती उष्णता सोडतो. फ्रिजही हेच करतो, फक्त आपलं लक्ष त्याच्या मागच्या गरम जाळीकडे जात नाही.

कल्पना बरीच जुनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्येच ती मांडली होती: इंधन जाळून थेट खोली तापवण्याऐवजी त्याच इंधनावर यंत्र चालवून बाहेरची उष्णता आत आणली, तर कमी इंधनात काम होईल. त्यानंतर थोड्याच वर्षांत अभियंते पेटर फॉन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियातल्या एबेनझेच्या मिठागरात वाफ दाबून तिची उष्णता पुन्हा वापरण्याचा प्रयोग केला. इमारतींपर्यंत पोहोचायला मात्र हीट पंपाला जवळपास ८० वर्षं लागली. कोळसा मुबलक होता, आणि विजेच्या मोटारी व भरवशाचे शीतक वायू यायचे होते.

हा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. इंधनाची टंचाई आली की हीट पंपाची आठवण होते, इंधन स्वस्त झालं की तो विस्मरणात जातो. स्वित्झर्लंडकडे कोळसा जवळपास नव्हता, पण धबधब्यांची वीज होती. झुरिचच्या सतराव्या शतकातल्या नगरभवनाला १९३८ पासून लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता मिळू लागली. तो पंप सहा दशकांहून जास्त चालला. 'जुन्या इमारतीत हे जमत नाही' असं कोणी सरसकट म्हणालं की मला हे नगरभवन आठवतं. इंग्लंडमध्ये अभियंते जॉन समनर यांनी १९४५ च्या सुमारास नॉर्विचमध्ये वेन्सम नदीवर असाच पंप उभारला. दर युनिट विजेमागे त्यातून तिपटीहून जास्त उष्णता मिळाली, तरी त्याचं अनुकरण फारसं झालं नाही. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १९५१ मध्ये थेम्सवर बसवलेला पंप तर गरजेपेक्षा खूपच मोठा निघाला आणि पुढे बंद करावा लागला.

मोजमाप चुकलं की चांगलं यंत्रही बदनाम होतं, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते तापमानाचं. बाहेर ० अंश असताना ३५ अंशांचं पाणी हवं असेल, तर भौतिकशास्त्राने घातलेली कमाल मर्यादा खर्चलेल्या विजेच्या सुमारे ८.८ पट उष्णता एवढी आहे. ६० अंशांचं पाणी हवं असेल तर ती सुमारे ५.६ पटीवर येते. प्रत्यक्षात हाती लागतं याच्या निम्म्याच्या आसपास, अनेकदा त्याहून कमी. म्हणून फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या, भिंती-छताला नीट उष्णतारोधक थर असलेल्या घरात हा पंप स्वस्तात चालतो. फटींतून वारा येणाऱ्या, छोटे रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे) असलेल्या घरात तोच पंप विजेचं बिल फुगवतो. वीज गॅसच्या तिपटीहून बरीच महाग असेल, तर तिप्पट उष्णता देणाऱ्या पंपानेही खर्च वाचत नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने मागणी उसळली. घाईघाईत, अर्धवट शिकलेल्या हातांनी बसवलेले पंप बिघडले, १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि अनेक देशांत बाजार बसला. स्वीडन मात्र मागे हटला नाही. स्टॉकहोमने ऐंशीच्या दशकातच समुद्राच्या पाण्यावर चालणारे प्रचंड पंप शहराच्या सामायिक उष्णताजाळ्याला, म्हणजे अनेक इमारतींना गरम पाणी पुरवणाऱ्या नळ्यांना, जोडले होते. पुढे १९९१ मध्ये स्वीडनमध्ये कार्बन कर आला आणि तेल जाळणं महाग झालं.

याच काळात एक खरा दोषही उघड झाला. आर-१२ सारखे शीतक वायू ओझोनचा थर खात होते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हटत गेले, पण बदली आलेले वायू हवेत सुटले तर पृथ्वी तापवतात. त्यांपैकी आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट प्रभावी आहे. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांनाही उतरती कळा लावली. आता अनेक उत्पादक प्रोपेनकडे वळले आहेत. हवामानासाठी तो सौम्य, पण ज्वलनशील, म्हणून तो कुठे आणि किती वापरायचा यावर बंधनं आली.

२०२२ मध्ये रशियन गॅस आटला आणि युरोपात पुन्हा झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी विक्री घसरली. थंड, दमट सकाळी बाहेरच्या युनिटवर बर्फ साचतो, ते वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो आणि वाफेचा लोट उठतो. हे पाहून नवे मालक घाबरतात, पण तो बिघाड नसतो. खरी परीक्षा पंप विकत घेण्याआधीच करता येते: कडाक्याच्या थंडीत घर तापवणाऱ्या सध्याच्या बॉयलरचं पाणी ५५ अंशांपर्यंत उतरवायचं आणि दिवसभर खोल्या उबदार राहतात का ते पाहायचं; राहिल्या तर कमी तापमानाच्या पाण्यावर घराचं भागतं.