बंद पडलेलं अणुकेंद्र आणि उद्यमबागेतलं भंगार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवणाऱ्या माणसाला भंगाराचा ढीग बरोबर ओळखता येतो. बीड कुठलं, पोलाद कुठलं, जस्ताचा मुलामा कशावर आहे, हे तो लांबूनच सांगतो. किरणोत्सार मात्र डोळ्यांना दिसत नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू असलेलं एक जुनं यंत्र लिलावातून आलं. ते फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. असा कोबाल्ट भट्टीत गेला तर लोखंडात मिसळून जातो, मग तो वेगळा काढता येत नाही. म्हणून अणुकेंद्र मोडीत काढण्याचा विषय मला आपल्या बेळगावचाही वाटतो. खानापूर-जोयड्याच्या जंगलांपलीकडे, काळी नदीच्या काठी कैगा आहे. तिथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत, त्यातल्या पहिल्या दोन २००० साली सुरू झाल्या. त्यांचंही आयुष्य कधीतरी संपणार.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकावर डाउनरे नावाचं केंद्र आहे. बांधकाम १९५५ साली सुरू झालं, शेवटची अणुभट्टी १९९४ साली थांबली, पण आवराआवर अजून चालूच आहे. तिथे ६५ मीटर खोल एक विवर आहे. समुद्राखालून बोगदा काढताना दगड बाहेर आणण्यासाठी ते खणलेलं होतं. काम झाल्यावर १९५९ पासून त्यात किरणोत्सारी कचरा टाकायला लागले. विवरात पाणी होतं, आणि कचऱ्यात सोडियम व पोटॅशियमही गेलं. पाण्याशी गाठ पडताच हे धातू हायड्रोजन सोडतात. १९७७ साली आत स्फोट झाला. विवरात काय काय टाकलं याच्या नोंदी अपुऱ्या होत्या, त्यामुळे रिकामं करणं आणखी अवघड झालं.

आता युरेनियमकडे, म्हणजे अणुभट्टीच्या इंधनाकडे. बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूर भागातल्या खडकातही ते आढळलं आहे, म्हणजे पदार्थ आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे अल्फा किरण कागदानेही अडतात. खरी भीती धुळीची: ती श्वासातून फुफ्फुसात जाते, आणि युरेनियम रक्तात उतरलं की मूत्रपिंडावर विषासारखं काम करतं. धातूचा बारीक कीस हवेत आपोआप पेट घेतो. षटफ्लोराइड रूपातलं, म्हणजे फ्लोरिनशी जोडलेलं युरेनियम दमट हवेत गळलं तर हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. आपल्या पावसाळ्यातल्या झडीचा विचार केला की कोरडेपणाची किंमत कळते. म्हणून लांबच्या मुक्कामासाठी ते ऑक्साइडच्या स्थिर भुकटीत बदलतात आणि पोलादी पिंपात बंद करतात.

पण सगळ्यात नाजूक गोष्ट आहे युरेनियमच्या दोन साठ्यांमधल्या अंतराची. निसर्गातल्या युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. कैग्याचं इंधन या जातीचं. एक अणू फुटला की त्यातून निघालेले न्यूट्रॉन कण पुढचे अणू फोडतात, ही साखळी अभिक्रिया. साध्या पाण्यात या इंधनाची ती चालत नाही, म्हणून तिथे जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी लागतं. समृद्ध केलेल्या, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेल्या युरेनियमची गोष्ट वेगळी. ते एका जागी फार साठलं आणि भोवती पाणी आलं, तर पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि अभिक्रिया पेटते. ३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानमधल्या तोकाइमुरात हेच झालं. कामगारांनी १८.८ टक्के समृद्ध युरेनियमचं द्रावण बादलीने एका टाकीत ओतलं. मर्यादा २.४ किलोची होती, टाकीत सुमारे १६ किलो युरेनियम गेलं. अभिक्रिया जवळपास २० तास धुमसत राहिली. टाकीभोवतीचं थंड करणारं पाणी काढून टाकल्यावर ती विझली. दोन कामगार पुढे दगावले.

साठवणाऱ्यांचे नियम याच भीतीतून आले आहेत. समृद्ध युरेनियमचा डबा पोलादी सांगाड्याच्या पिंजऱ्यात मधोमध बसवतात, म्हणजे कोणी कितीही घाईत रचले तरी दोन डबे एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येकावर क्रमांक, वजन आणि समृद्धीचं प्रमाण असतं, आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजदाद होते. डाउनरेमधला युरेनियमचा साठा असाच मोजून, बंद करून, २०१२ पासून रेल्वेने इंग्लंडमधल्या सेलाफील्ड अणुकेंद्रात न्यायला सुरुवात झाली.

मग उरतं लोखंड आणि काँक्रीट. मोडीत निघालेल्या केंद्रातला बराचसा माल प्रत्यक्षात स्वच्छ असतो, पण ते प्रत्येक तुकड्यावर किरणोत्सार मोजणारा मीटर धरून ठरवावं लागतं. अणुभट्टीच्या गाभ्याजवळचं पोलाद मात्र न्यूट्रॉनच्या माऱ्याने आतून किरणोत्सारी झालेलं असतं. पुसून किंवा खरवडून ते जात नाही. त्यातल्या कोबाल्ट-६० चं अर्धआयुष्य, म्हणजे तो निम्मा होण्याचा काळ, ५.३ वर्षं आहे, म्हणजे ५३ वर्षं कुलपात ठेवलं तर त्याचा हजारावा भाग राहतो. कैग्यातलं लोखंड कधी निघालंच, तर ते मोजणाऱ्याच्या सहीशिवाय भंगारात उतरता कामा नये, आणि उद्यमबागेच्या काट्यावर ट्रक उभा राहण्याआधी तिथेही एक मीटर हवा.