पुढच्या स्टेशनला उतरू नका

डोंबिवलीहून सकाळची फास्ट. ठाणं सुटलं की ती एकदम घाटकोपरला थांबायची. मुलुंड मागे पडलं आणि काहीही कारण नसताना माझ्या छातीत धडधडायला लागलं. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांभोवती. डब्यातल्या बायकांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांबून येऊ लागले. आपण आता मरणार, हा विचार इतका स्वच्छ होता की भीती त्याच्या मागून आली. चौथ्या सीटवरच्या मावशींनी मला बसवलं, लिमलेटची गोळी तोंडात कोंबली आणि ‘सकाळी काही खाल्लं नसशील’ असं निदानही करून टाकलं. घाटकोपरला मी उतरले. फलाटावर पाच-सात मिनिटं बसले आणि सगळं ओसरलं. हा पॅनिक अटॅक होता, म्हणजे अचानक उसळलेल्या भीतीचा झटका, हे मला फार उशिरा कळलं.

ते उतरणं मला पुढे दीड वर्ष महागात पडलं.

त्या दिवशी ईसीजी काढला. आठवड्यानं दुसरा, महिन्यानं टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.’ जणू मी ते कुठून तरी मागवून घेत होते! तपासण्या मुळात चुकीच्या नव्हत्या. थायरॉईड जास्त काम करत असेल, हिमोग्लोबिन खाली गेलं असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली असेल, तरी असंच होऊ शकतं. छातीत पहिल्यांदाच दुखतंय आणि वय चाळिशीच्या पुढे आहे, तर ‘पॅनिक असेल’ म्हणून घरी बसून राहणं हा शुद्ध वेडेपणा. पण तपासणी एकदा नीट करायची असते. दर महिन्याला काढलेला ईसीजी ही तपासणी उरत नाही, ते व्यसन होतं. मला त्याचा दिलासा जेमतेम चार दिवस पुरायचा.

शरीरात नेमकं काय होतं? मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. धोक्याची चाहूल लागली की तो घंटा वाजवतो, खरी-खोटी करायला थांबत नाही. अ‍ॅड्रेनलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं, ठोके वाढतात, पचन थांबतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास ही ‘लढा किंवा पळा’ यंत्रणा मांडली. पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं, जीव घाबरा होणं: मराठीनं हे सगळं त्यांच्या कितीतरी आधी टिपून ठेवलंय.

गंमत श्वासाची आहे. घंटा वाजली की श्वासही वाढतो. खरोखर पळत सुटलात तर स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि वाढलेला श्वास तो बाहेर टाकतो, हिशोब जुळतो. पण तुम्ही डब्यात दांडा धरून उभे आहात. पळणं नाही, श्वास मात्र पळणाऱ्याचा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, आवाज लांबून येतात. रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि चेतातंतू उगाच चाळवतात. त्याच त्या मुंग्या. म्हणजे श्वास कमी पडतोय असं वाटतं तेव्हा तो प्रत्यक्षात जास्त झालेला असतो. म्हणूनच ‘मोठ्ठा श्वास घे बघू’ हा प्रेमळ सल्ला उलटा पडतो. श्वास बेताचा घ्यायचा आणि सोडताना लांबवायचा. सिनेमातल्यासारखी कागदी पिशवी तोंडाला लावू नये. त्रास खरंच दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ती घातक ठरू शकते.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या म्हणीचं शास्त्रीय रूप ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं. धडधडतं, मन म्हणतं ‘हार्ट अटॅक’, त्या विचारानं आणखी अ‍ॅड्रेनलिन सुटतं, त्यानं आणखी धडधडतं. हे चक्र काही मिनिटांत शिखर गाठतं आणि आपोआप उतरतं, कारण शरीर तेवढा वेग फार वेळ धरू शकत नाही. पण मी घाटकोपरला उतरले होते. मेंदूनं नोंद केली: उतरली म्हणून वाचली.

मग मी फास्ट सोडून स्लो धरली. दाराजवळची जागा आली. पाण्याची बाटली, कुणाच्या तरी सांगण्यावरून पर्समध्ये सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, दर दोन स्टेशनांनी नवऱ्याला फोन. मानसशास्त्रात याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. यातल्या प्रत्येक गोष्टीनं बरं वाटायचं आणि तीच तर अडचण होती. दर वेळी श्रेय बाटलीला जायचं. काहीच केलं नसतं तरी काही झालं नसतं, हे शिकायची संधी मी मेंदूला दिलीच नाही.

शेवटी ठाण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. वाटलं, शांत संगीत वगैरे असेल. बाईंनी ड्रॉवरमधून सरबताची बारीक स्ट्रॉ काढली. म्हणाल्या, ‘नाक चिमटीत धरा आणि एक मिनिट फक्त यातून श्वास घ्या.’ त्यानंतर फिरत्या खुर्चीवर गरागरा फिरवलं. मग मिनिटभर जोरजोरात धापा टाकायला लावल्या.

‘काय होतंय?’

‘मुंग्या येताहेत. ओठांना.’

‘ट्रेनमध्ये येतात तशाच?’

‘अगदी तशाच.’

‘मग इथे हार्ट अटॅक येतोय का?’

मला हसू फुटलं. ज्या लक्षणांची भीती, तीच मुद्दाम आणून त्यांच्याबरोबर बसायचं, अशी ही रीत. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, तो एक भाग आहे, आणि पॅनिकवर तिचा चांगला उपयोग होतो हे अनेक चाचण्यांत दिसलंय. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे प्रयोग मनानं करू नयेत.) मग पायऱ्या ठरल्या: स्लोनं दोन स्टेशनं, बाटलीशिवाय, मग आत, दारापासून लांब, मग फास्ट. वहीत भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. फास्टच्या पहिल्या दिवशी मुलुंडला ८५ होते आणि विक्रोळीला ५०. मी गाडीतच होते, नवऱ्याला फोन केला नव्हता, तरी आकडा उतरला होता. इतका आनंद मला दहावीच्या गुणांचाही झाला नव्हता.

याच विचाराच्या घराण्यातले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. १९ व्या वर्षी हा मनुष्य मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. त्यानं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचं ठरवलं. १३० जणी, त्यातल्या ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही! पण भीती गेली. (आजच्या बागेत हे करू नये, लोक पोलिसांना बोलावतील.) पुढे त्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत उभी केली. मराठीत ती रुजवण्याचं मोठं काम मुंबईच्या कि. मो. फडके यांनी केलं.

सगळ्यांना माझ्यासारखे झटके येत नाहीत. पुष्कळांना संथ, दिवसभर कुरतडणारी काळजी असते: पोराची फी, आईचा रिपोर्ट, ‘बोलायचंय तुमच्याशी’ एवढाच साहेबांचा मेसेज. ‘विचार करू नकोस’ म्हटल्यानं ती जात नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधा उपाय तपासला. काळजीला रोजची ठरावीक वेळ आणि जागा द्यायची, अर्धा तास. एरवी आली की ‘संध्याकाळी सहाला ये’ म्हणून तिला परत पाठवायचं, आणि सहा वाजता खरंच बसायचं. माझ्या बहिणीला हे लागू पडलं. ती म्हणते, सहा वाजता अर्ध्या काळज्या हजरच नसतात.

आता गोळ्या. चिंता आणि नैराश्यावर रोज घ्यायच्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा, म्हणजे एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन वगैरेंचा, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते, आणि नेमकी तेव्हाच माणसं औषध सोडून देतात. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम यांची गोष्ट उलटी. तासाभरात आराम, पण रोज घेत राहिलं तर शरीर त्यांना सरावतं आणि सोडणं कठीण जातं. डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात, त्याला अर्थ आहे. शेजारच्या काकूंच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी मात्र माझ्या घाटकोपरसारखीच. कुठलंही औषध डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नये.

मदत शोधताना सायकिॲट्रिस्ट म्हणजे औषध देऊ शकणारे एमबीबीएसच्या पुढे शिकलेले डॉक्टर, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, एवढं लक्षात ठेवावं. नुसतं ‘समुपदेशक’ लिहिलेला बोर्ड दिसला तर शिक्षण विचारायला लाजू नये. खिशात पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. जीव द्यावासा वाटत असेल तर तिथे किंवा जवळच्या रुग्णालयात लगेच, त्याच घटकेला.

घरच्यांनी काय करावं? माझा नवरा आधी म्हणायचा, ‘नको जाऊस, मी गाडीनं सोडतो.’ बाईंनी त्याला एकदा बोलावून घेतलं. नंतर तो म्हणायला लागला, ‘जा, संध्याकाळी गुण सांग.’

लॉकडाऊन संपल्यावर पहिल्यांदा फास्ट पकडली आणि मुलुंडच्या पुढे पुन्हा मुंग्या आल्या. मी हादरले, सगळं वाया गेलं वाटलं. पण विझलेली प्रतिक्रिया मध्ये खंड पडला की परत डोकं वर काढते, हे रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलॉव्हनं कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण लिहिली जाते आणि नवीला सराव लागतो. घाटकोपर आलं, मी बसून राहिले. दादरला उतरून बाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘घरात स्ट्रॉ आहे ना?’