खेळणारा टेबलापलीकडे जातो तेव्हा

बास्केटबॉल खेळणाऱ्या जळगाव-भुसावळकडच्या पोराला ओट्यावर बसलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, "खेळून पुढं काय रे भो?" रेल्वे, पोलीस किंवा बी.पी.एड., ही उत्तरं ठरलेली होती. हल्ली त्यात चौथं आलंय, स्पोर्ट्स मॅनेजमेंट. हे उत्तर नेमकं कुठून आलं ते बघायचं तर सर्बियाचा बास्केटबॉलपटू व्लादे दिवात्स या माणसाची कारकीर्द फार उपयोगी पडते. तो ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत येऊन गेला, पण तेव्हा त्याच्या अंगावर जर्सी नव्हती.

त्या महिन्यात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दोन सराव सामने झाले. भारतात एनबीएचे संघ प्रथमच खेळत होते. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो 132-131 असा एका गुणानं मारला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्मानं मुंबईकर, त्यामुळे आपल्याकडे कौतुक त्यांचंच जास्त झालं. दिवात्स तेव्हा किंग्जचा जनरल मॅनेजर होता, म्हणजे संघात कोण घ्यायचा, कोण सोडायचा हे ठरवणारा कारभारी.

सर्बियातल्या प्रिएपोल्ये या गावी 1968 साली जन्मलेला हा सात फुटी गडी युगोस्लाव्हियाकडून (सर्बिया, स्लोव्हेनिया तेव्हा त्यातच होते) 1988 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकून आला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस लेकर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, 26 व्या क्रमांकावर घेतलं. उंच खेळाडूनं रिंगखाली उभं राहायचं आणि रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू, घ्यायचे, अशी साधारण समजूत. दिवात्स मात्र खेळ रचणाऱ्या गार्डसारखे पास द्यायचा, समोरच्याला भलतीकडे बघायला लावायचा. थोडा धक्का लागला तरी आडवा पडून फाऊल मिळवण्यातही त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही नाटकं मला कधी आवडली नाहीत, पण ती चालायची हे खरं.

त्याला लेकर्समध्ये आणणारा जेरी वेस्ट हा स्वतः लेकर्सचा जुना, नामांकित खेळाडू. एनबीएच्या बोधचिन्हातली चेंडू घेऊन धावणारी आकृती त्याच्याच फोटोवरून काढलेली. 1974 मध्ये खेळणं थांबवल्यावर तो आधी प्रशिक्षक आणि मग संघाचा कारभारी झाला. याच वेस्टनं 1996 मध्ये दिवात्सला शार्लट हॉर्नेट्सकडे पाठवलं आणि बदल्यात एक सतरा वर्षांचं पोरगं घेतलं, कोबी ब्रायंट. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते; दिवात्सचा पगार त्या हिशेबातून सुटल्यामुळे जागा झाली आणि लगेच शकील ओनीलही लेकर्समध्ये आला. दिवात्स आधी जायला तयार नव्हता, खेळणंच सोडतो म्हणाला. शेवटी गेला. माणूस म्हणून वाईट वाटावं असा व्यवहार, पण लेकर्सच्या पुढच्या अजिंक्यपदांची पायाभरणी त्यातूनच झाली. खेळाडूनं खेळाडूचा सौदा कसा करायचा, याचा पहिला धडा दिवात्सला असा स्वतःच्या अंगावर मिळाला.

पुढे तो सॅक्रामेंटोत रमला. 2005 ला निवृत्त झाला. किंग्जनी त्याचा 21 नंबर कायमचा राखून ठेवला. 2009 मध्ये तो सर्बियाच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाला. रणदिवेंनी त्याला 2015 मध्ये किंग्जमध्ये आणलं.

इथून गोष्ट अवघड होते. 2018 च्या ड्राफ्टमध्ये किंग्जकडे दुसरा क्रमांक होता. स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच समोर होता, म्हणजे दिवात्सच्याच मुलखातला, त्याच शाळेतला खेळ. दिवात्सनं मार्विन बॅगलीला निवडलं. डॉन्चिच डॅलसला गेला आणि पुढच्या वर्षी पदार्पणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दिवात्सच्या काळात किंग्ज एकदाही प्लेऑफला, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांना, पोचले नाहीत. ऑगस्ट 2020 मध्ये तो पायउतार झाला. बास्केटबॉलमधल्या थोरांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, त्याचा समावेश 2019 च्या सप्टेंबरात झाला होता, मुंबईत यायच्या जेमतेम महिनाभर आधी. मैदानावर एका क्षणात दिसणारा पास आणि पोराच्या पुढच्या दहा वर्षांचा अंदाज, या दोन वेगळ्या नजरा आहेत. वेस्टकडे दोन्ही होत्या आणि असे लोक थोडे.

आपल्याकडे हा खेळ वायएमसीए ही ख्रिस्ती युवकांची संस्था घेऊन आली. मद्रासला 1920 मध्ये हॅरी क्रो बक यांनी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभर पसरले. बास्केटबॉल इथं शाळेच्या तासातून रुजला, क्लबातून नव्हे. पुढे खेळाडूला पोसलं ते नोकरीनं. महिलांमध्ये तर भारतीय रेल्वेचा दबदबा अनेक वर्षांचा, आणि विभागाचं ठाणं असलेल्या भुसावळात रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आलं, तेव्हा सर्टिफिकेटची किंमत आणखी वाढली. पण या वाटेनं गेलेला खेळाडू पस्तिशीत टेबलामागे बसतो तो तिकिटं, फायली, बंदोबस्त सांभाळायला. खेळातलं त्याचं शहाणपण तिथं पडून राहतं.

खान्देशात खेळाचा खरा कारभार सांभाळला पी.टी.च्या सरांनी. प्रवेशअर्ज भरणं, फक्कीनं रेघा मारणं, पंचांचा चहा, एसटीचा पास, हरलेल्या पोरांची समजूत, सगळं एकट्याच्या खांद्यावर. 1990 पर्यंत इथली कॉलेजं पुणे विद्यापीठात असल्यानं विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची तर पुण्याच्या पोरांशी टक्कर घ्यावी लागायची. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं (आजचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) आणि निवड, सराव शिबिर, संघ बाहेर नेणं ही कामं इथल्याच माणसांकडे आली. स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणतात त्यातलं बरंचसं हेच. फक्त त्याला कुणी पगार लावला नव्हता.

पगार लागायला लीग लागते. 2015 मध्ये भारतात सुरू झालेल्या यूबीए या बास्केटबॉल लीगमध्ये पुणे पेशवाज होते, मुंबईचा संघ होता, पण दोनेक वर्षांत ती थांबली. आता आयएनबीएल (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग) आहे. वाराणसीची दिव्या सिंग भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार होती. तिनं अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात जाऊन स्पोर्ट्स मॅनेजमेंटचीच पदवी घेतली आणि परत येऊन प्रशिक्षणात उतरली. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू असावेत असं बंधन घातलं. त्या खुर्च्या दिल्लीतल्या. धुळ्या-नंदुरबारच्या खेळाडूला आज जवळची वाट म्हणजे लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन क्रीडा अधिकारी होणं. त्यासाठी ड्राफ्टची नजर लागत नाही, पण मैदानं, अनुदानं आणि शालेय स्पर्धांचं वेळापत्रक यांची माहिती भरपूर लागते.