खाणग्रस्त भूमीचे पुनरुज्जीवन (नागपूर परिसर)

खाणकामात मातीचा मूळ थर खरवडला गेलेल्या किंवा खडकाच्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्या जमिनीवर पुन्हा माती घडवून स्थानिक वनस्पती वाढविण्याची प्रक्रिया. खड्डे भरणे, ढिगाऱ्यांना पायऱ्या पाडून उतार कमी करणे, पावसाच्या पाण्याला वाट काढून देणे ही तिची पूर्वतयारी होय. केवळ वृक्षलागवडीला पुनरुज्जीवन म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो सैल आहे.

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात दख्खनचा बेसाल्ट असल्याने तिथे गिट्टी व मुरमाच्या खदानी आहेत. उमरेड-कामठी पट्ट्यात गोंडवन खडकांतील (प्राचीन गाळाच्या खडकांतील) कोळसा उघड्या खाणींतून निघतो. सौसर संघ या प्राचीन रूपांतरित खडकांच्या गटातील मँगॅनीज रामटेक तालुक्यातील मनसर-कांद्री आणि सावनेर तालुक्यातील गुमगाव येथे सापडते. मँगॅनीजचे खाणकाम १९०० च्या सुमारास सुरू झाले. १९६२ पासून यांतील प्रमुख खाणी ‘मॉइल’ या कंपनीकडे आहेत. खाणकाम इतका काळ चालू असल्यामुळे अनेक पिढ्यांचे ढिगारे एकमेकांशेजारी आढळतात.

या ढिगाऱ्यांवर झाडोरा का धरत नाही, याची दोन कारणे दिली जातात. पहिले धातूंच्या विषारीपणाचे. आम्ल किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत मँगॅनीज विरघळून मुळांना अपायकारक ठरते, हे खरे. पण सामू (जमिनीच्या आम्ल-अल्कतेचे माप) उदासीनाच्या आसपास असेल तर त्याची विद्राव्यता बरीच कमी होते. दुसरे कारण उपासमारीचे. ढिगाऱ्यात सेंद्रिय कर्ब नसतो, नत्र व स्फुरद नाममात्र असते, कण जोडलेले नसल्याने पाणी टिकत नाही आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी तर मुळीच नसते. ब्रिटनमधील चिनी मातीच्या खाणींवर काम करणारे परिस्थितिवैज्ञानिक ए. डी. ब्रॅडशॉ यांच्या मते स्वतःच्या बळावर टिकणाऱ्या वनस्पतिसमूहासाठी जमिनीत हेक्टरी सुमारे १,००० किग्रॅ. नत्राचा साठा लागतो. हा आकडा थंड, दमट हवामानातील असल्याने विदर्भाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही एकूण पुरावा दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) असलेला शेल हा पातळ थरांचा चिखलखडक ज्यांत आहे असे कोळशाचे ढिगारे मात्र याला अपवाद ठरू शकतात. तिथे आम्लता हाच मुख्य अडथळा असतो.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी, स्थापना १९५८) गुमगाव येथे विकसित केलेली पद्धत याच मताला धरून आहे. आशा जुवारकर व सहकाऱ्यांचे हे प्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, किंवा त्याच्या थोडे आधी, सुरू झाले असावेत. ढिगाऱ्यावर घेतलेल्या खड्ड्यांत साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिसळून सेंद्रिय अंश वाढविला जातो. शेंगावर्गीय रोपांना रायझोबियम, इतरांना अ‍ॅझोटोबॅक्टर (दोन्ही हवेतील नत्र बांधणारे जिवाणू) आणि सर्वांना मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे विरजण देतात. जुन्या झाडांच्या मुळांभोवतालच्या मातीतून निवडलेले स्थानिक वाण त्यासाठी वापरणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य मानावे लागेल. बाजारी जिवाणू खत ४५° से. च्या उन्हाळ्यात तग धरेलच असे नाही. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील पद्मापूरच्या कोळसा ढिगाऱ्यावरही ही पद्धत वापरली गेली.

लावलेल्या जातींत साग, शिवण, शिसू, कडुनिंब ही नावे येतात. यांपैकी शिसू मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा आहे. तेव्हा ‘स्थानिक’ हा शब्द अहवालांत किती काटेकोरपणे वापरला आहे, हे पाहून घ्यावे. सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर हिरवळ दाखवतात, पण त्यांच्या सावलीत पळस, ऐन, धावडा, मोह, तेंदू, चारोळी यांची रोपे क्वचितच पुढे येतात. नागपूरभोवतीचे मूळ वन शुष्क पानझडी प्रकारचे असून वर्षाचा सुमारे ११०० मिमी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात पडतो. म्हणून आधी कुसळासारखी गवते, मग बोर, पळस, खैर आणि नंतर सागवर्गीय वृक्ष हा क्रम सयुक्तिक वाटतो. मोकळी जागा सोडली की घाणेरी आणि गाजरगवत शिरतात.

खाण उघडताना काढलेली वरची माती वेगळी ठेवावी, अशी खनिज नियमांची अपेक्षा आहे. ती उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिल्यास आतील प्राणवायू संपतो, बीजसाठा व सूक्ष्मजीव मरतात. ती शक्य तितक्या लवकर पसरावी यावर दुमत नाही.

दगडखाणींविषयी लिखाण त्रोटक आहे. बेसाल्टच्या सपाट तळावर माती जवळजवळ उरतच नाही आणि खोल खड्ड्यांत पाणी साचते. त्यामुळे तिथे कडांवर माती टाकून लागवड करण्यापलीकडे सहसा जाता येत नाही. शहरातील गिट्टीखदान भागाप्रमाणे काही खदानींच्या जागा वस्तीनेच व्यापल्या. कायद्याच्या अंगाने, ५ हेक्टरांखालील गौण खनिजाच्या (गिट्टी, मुरूम, वाळू इत्यादींच्या) खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. त्याच न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या आदेशाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची जबाबदारी पट्टाधारकावर टाकण्यास सांगितले. गुरांचा चारा व्हावा, असा त्या गवताचा दर्जा असणे आदेशात अपेक्षित आहे.