टीइन्व्हचा घोळ नेमका कुठून आला

टीइन्व्ह म्हणजे टी टेबलातला आकडा काढून देणारं एक्सेलचं फंक्शन. टी-डिस्ट्रिब्यूशनचा, म्हणजे छोट्या सॅम्पलवरून निष्कर्ष काढताना लागणाऱ्या वक्राचा, पेपर १९०८ चा, आणि ५ टक्के, १ टक्का असे ठरावीक कॉलम रुळले ते १९२५ च्या एका पुस्तकातल्या टेबलांमुळे. त्या टी टेबलात वर दिलेली प्रोबॅबिलिटी दोन्ही टेल्स, म्हणजे वक्राची डावी-उजवी टोकं, मिळून होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मुंबईत आमच्या प्रॅक्टिकलला नव्वदीतही टेबलच चालायचं. डिग्रीज ऑफ फ्रीडम (सॅम्पलच्या आकारावरून ठरणारा आकडा) ३० नंतर थेट ४०, ६०, १२०, मग इन्फिनिटी. ४७ आले की ४० ची ओळ बघून ५ टक्क्यांच्या कॉलममधलं २.०२१ लिहायचं, खरी व्हॅल्यू २.०१२.

सॉफ्टवेअरला हे उलट्या बाजूने काढावं लागतं, म्हणजे वक्राखालचा एरिया (प्रोबॅबिलिटी) दिलाय, पॉइंट शोधा, आणि त्याला सरळ सूत्र नाही. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनसाठी १९७७ आणि १९८८ मध्ये छापून आलेले अल्गोरिदम खूप वापरले गेले, त्यातला दुसरा साधारण १६ अंकांपर्यंत बरोबर येतो. टी, एफ वगैरेसाठी अंदाज घ्यायचा आणि सुधारत जायचा.

पण आकडेमोडीपेक्षा जास्त नुकसान नावांनी केलं असं माझं ठाम मत आहे. एक्सेलमध्ये नॉर्मलच्या नॉर्मएसइन्व्हला डावीकडचा एरिया लागतो, ०.९७५ दिलं की १.९६. काय-स्क्वेअर आणि एफ डिस्ट्रिब्यूशनच्या चीइन्व्ह आणि एफइन्व्हला उजवीकडचा. आणि टीइन्व्हला दोन्ही टेल्स मिळून, जुन्या टेबलासारखं, म्हणजे ०.०५ आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम १० दिलं की २.२२८. वन-टेल टेस्टसाठी, म्हणजे एकाच टोकाचा एरिया बघायचा तेव्हा, १.८१२ हवं असेल तर ०.०५ च्या जागी ०.१ टाकायचं, हे फंक्शनच्या नावावरून कुणाला कसं कळणार? माझ्या वर्गातल्या निम्म्या जर्नल्समध्ये वन-टेलच्या प्रश्नाला २.२२८ असायचं, आणि मुलं हुशार होती हो.

२०१० च्या व्हर्जनमध्ये हे निस्तरायचं ठरलं आणि टी.इन्व्ह, टी.इन्व्ह.२टी अशी वेगळी फंक्शन्स आली. इथेच वाद आहे. टी.इन्व्ह आता डावा एरिया घेतं, त्यामुळे तेच ०.०५ आणि १० दिलं की उणे १.८१२ येतं. मधल्या एका टिंबाने टेल पण बदलली आणि चिन्ह पण. जुनी नावंही तशीच ठेवली, कारण लाखो जुन्या शीट्स मोडल्या असत्या, ते पटतं, पण नव्यांना दुसरं काहीतरी वेगळं नाव द्यायला हवं होतं.

आर आणि पायथनमध्ये डिफॉल्ट सगळीकडे डावा एरियाच, आरच्या क्यूटी फंक्शनला ०.९७५ आणि १० दिलं की २.२२८. आता मुलं तिकडे वळलीत, तरी ऑफिसात पुन्हा एक्सेलच समोर येतं आणि जुन्या शीटमधलं टीइन्व्ह कुणीतरी टिंब घालून "अपडेट" करतं.