शरीराचे आकारमान आणि लिम्फोमाचा धोका

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन हे त्याचे दोन मुख्य गट. दुसऱ्यात अनेक प्रकार मोडतात; डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा त्यांतला सर्वाधिक आढळणारा. उंची-वजनाचा या रोगाशी संबंध आहे, पण तो बेताचाच. वाढते वय, पुरुष असणे, एचआयव्हीमुळे किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे खचलेली प्रतिकारशक्ती यांचा वाटा त्याहून मोठा.

अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या हिशेबात बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ५ अंकांनी वाढला की नॉन-हॉजकिनचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. ब्रिटनमध्ये ५८ लाख लोकांच्या नोंदींवरून हॉजकिनसाठी हाच आकडा १० टक्के निघाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ कर्करोगांचा लठ्ठपणाशी संबंध पुरेशा पुराव्याने मान्य केला. डिफ्यूज लार्ज बी-सेलबाबत पुरावा ‘मर्यादित’ ठरवला. चरबीच्या पेशी आयएल-६, टीएनएफ, लेप्टिन यांसारखी दाहकारक द्रव्ये सोडतात आणि रक्तातले इन्सुलिन चढे राहते. त्यामुळे बी-पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) सतत उद्दीपित राहिल्या की विभाजनातल्या चुका वाढत जातात.

वजन कोणत्या वयातले, हा खरा प्रश्न. अठरा-वीस वर्षांचे असतानाचे वजन उतारवयातल्या वजनापेक्षा अधिक स्पष्ट संबंध दाखवते. एक तर दाह जितका लवकर सुरू होतो तितकी अधिक वर्षे तो चालतो. दुसरे, निदानाच्या सुमारास रोगानेच वजन उतरवलेले असते. म्हणूनच चांगल्या अभ्यासांत वजन नोंदवल्यानंतर पहिल्या काही वर्षांत सापडलेले रुग्ण वगळून पाहतात.

उंचीचा संबंध वजनापेक्षाही सातत्याने दिसतो. ब्रिटनमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत उंची दर १० सेंमीने वाढली की नॉन-हॉजकिनचा धोका सुमारे पाचव्या हिश्शाने वाढलेला आढळला. उंच शरीरातल्या जास्त पेशी आणि वाढीच्या वयातली आयजीएफ-१ या वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाची पातळी ही संभाव्य कारणे. पुरुषांत हा रोग जवळजवळ प्रत्येक वयोगटात जास्त. त्यातला थोडा वाटा सरासरी उंचीचा असावा. वजनाचा परिणाम स्त्री-पुरुषांत वेगळा असतो का, याबाबत निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

नाशिक जिल्ह्यात हे आकडे जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर कुपोषण, तर सातपूर-अंबडच्या बैठ्या नोकरदारांत सुटलेले पोट. शिवाय भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा २५ नव्हे, २३ आहे. लठ्ठपणा २५ पासून. उंची १६० सेंमी, वजन ६४ किलो असेल तर बीएमआय नेमका २५ येतो. अंगाने माणूस मुळीच जाड दिसत नाही. उंची अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून घ्यावी. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्यांबाबत कीटकनाशकांचा विचार वेगळा करावा लागतो. लिंडेन हे कीटकनाशक नॉन-हॉजकिनचे सिद्ध कारण आहे. फवारणीची विचारपूस न करता दोष वजनावर टाकू नये.

आहार-व्यायामात बदल नसताना वजन उतरले, तर त्याचे कौतुक करू नये. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ७० किलोच्या माणसात ७ किलोहून अधिक, शिवाय ३८ अंशांवर ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम आणि मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ, ही लिम्फोमाची लक्षणे. हेच चित्र गाठीच्या टीबीतही दिसते, म्हणून फसगत होते. नुसत्या सुईच्या तपासणीवर लिम्फोमाचा प्रकार ठरवणे अवघड. शक्यतो अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी. गाठीचा एक तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) आणि उरलेला भाग फॉर्मालिन या ऊती टिकवणाऱ्या द्रवात द्यावा. सगळी गाठ फॉर्मालिनमध्ये गेली की जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. बायोप्सीआधी स्टेरॉइड दिले तर गाठ विरघळते, तपासणीत काहीच सापडत नाही आणि काही आठवड्यांनी ती परत येते.