टाकी भरली तरी वॉशरचा दिवा जळतो, म्हणजे सेन्सर गेला?

काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरली, तरी डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. मग ‘सेन्सर गेला, बदला’ हा सल्ला ठरलेलाच. बऱ्याचदा तो चुकीचा असतो.

अनेक गाड्यांत हा सेन्सर म्हणजे चुंबक असलेला तरंगता फ्लोट आणि आत एक रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ-दूर झाला की चालू-बंद होणारा छोटा स्विच. साध्या पाण्यातले क्षार, शेवाळ आणि भांड्यांच्या साबणाचा चिकट थर फ्लोटला खालीच धरून ठेवतात. टाकी भरलेली, फ्लोट मात्र तळाशी!

आधी सेन्सरचा प्लग काढून पिनांवर हिरवट गंज आहे का बघा. असल्यास कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. मग मल्टिमीटर (विजेचा रोध वगैरे मोजणारे उपकरण) रोध मोजण्यावर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना लावा आणि टाकी भरलेली आणि रिकामी असताना रीडिंग घ्या. रीडिंग बदलले तर सेन्सर ठीक आहे, दोष वायरिंगमध्ये शोधा. बदलले नाही, तरी लगेच नवा आणू नका. टाकी रिकामी करून सेन्सर रबरी ग्रोमेटमधून (टाकीच्या भोकात बसवलेल्या सीलच्या कडीतून) हलकेच ओढा, फ्लोट कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, बोटाने हलवून पुन्हा मोजा. तरीही रीडिंग जागचे हलले नाही, तरच नवा सेन्सर. ग्रोमेट कडक झाला असेल तर तोही बदला, नाहीतर तिथूनच गळती सुरू होते.